पहिल्या फेरीचा इतिहास : सिंधुदुर्गातल्या शालेय क्रीडास्पर्धांच्या अभ्यासाला प्रस्तावना

तालुक्यातल्या 16 शाळांनी कबड्डीला नाव दिलं, तर स्पर्धा संपेपर्यंत सामने होतात 15. पहिल्या फेरीत 8 संघ बाद होतात. त्या 8 शाळांतल्या मुलांनी शाळा सुरू झाल्यापासून सराव केलेला असतो. कुणी घरच्यांचा विरोध पत्करून नाव दिलेलं असतं, सरांनी पदरमोड करून बनियनवर नंबर छापून आणलेले असतात. दुपारच्या आत त्यांचा त्या वर्षापुरता खेळ आटोपतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात विजेत्या शाळेचं नाव येतं, उपविजेत्या शाळेचं येतं, फार तर तिसऱ्या क्रमांकाचं. उरलेल्या 13 शाळाही त्या दिवशी मैदानात उतरल्या होत्या, याचा मागमूस बहुधा कुठेच राहत नाही.

शालेय क्रीडास्पर्धांच्या इतिहासाकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकाचं स्वागत मला या 13 शाळांच्या बाजूला उभं राहून करावंसं वाटतं. विजेत्यांचा इतिहास ढालीवर कोरलेला असतो, तो उतरवून घ्यायला एक दुपार पुरते. अभ्यासाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. एका वर्षात किती मुलं खेळली, प्रत्येकाच्या वाट्याला किती सामने आले, कुठली शाळा कुठल्या शाळेशी खेळू शकली, कुणाची गाठ कधी पडलीच नाही आणि हे सगळं कुणी व कशाच्या आधारावर ठरवलं, हे त्या कामातले प्रश्न आहेत. अशा प्रश्नांसाठी सिंधुदुर्ग फार सोयीचा जिल्हा आहे. तालुके आठच: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. शाळा मात्र जुन्या आहेत, आणि जिल्ह्याची हद्द आखली गेली ती आज हयात असलेल्या खेळाडूंच्या डोळ्यांदेखत.

आजची रचना आधी समजून घेऊ. 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुलामुलींचे गट असतात. शाळा प्रथम तालुक्याला खेळते. तिथे जिंकली तर जिल्ह्याला, पुढे विभागाला, मग राज्याला. राज्याच्या निवडीतून राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राचा संघ तयार होतो. क्रीडाखात्याच्या हिशोबात सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतो आणि त्याच्यासोबत कोल्हापूर, सांगली, सातारा व रत्नागिरी हे जिल्हे असतात. महसुलासाठी आपण कोकण विभागात, दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी आता कोकणाचं स्वतंत्र मंडळ, आणि कबड्डी-खोखोसाठी मात्र घाट चढून देशावर जायचं. मुलाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. जिल्ह्यात पहिला आलेला संघ करूळ किंवा फोंडा घाटाने वर जातो, तेव्हा त्याच्यासमोर ऊस आणि तालमींच्या मुलखातली, अंगापिंडाने भरलेली मुलं उभी असतात. पायाखालची मातीसुद्धा वेगळी, तांबड्या जांभ्याऐवजी काळी. किनाऱ्यावरच्या संघांची विभागीय पातळीवरची कामगिरी तपासायची असेल तर गुणफलकाच्या आधी हा विभागाचा नकाशा समोर ठेवावा लागतो.

प्राथमिक शाळांची साखळी याहून निराळी आणि माझ्या मते जास्त लोभस आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांचे बालमहोत्सव केंद्रापासून सुरू होतात, प्रभाग आणि तालुका ओलांडून जिल्ह्याला पोचतात. कबड्डी, खोखो, धावणे आणि उड्यांच्या जोडीला तिथे समूहगान आणि समूहनृत्यही असतं. आठ-दहा पटाच्या शाळेतली मुलगी सकाळी लांब उडी मारते आणि दुपारी समूहगानात उभी राहते, कारण माणसंच तेवढी. आपल्या वाडीबाहेरच्या मुलाशी तिचा पहिला सामना इथे होतो. हायस्कुलांच्या स्पर्धांबद्दल लिहिणारा अभ्यासक ही साखळी सहसा सोडून देतो. ती सोडू नये, कारण हायस्कूलचा प्रत्येक खेळाडू याच मैदानातून पुढे आलेला असतो.

आता थोडं मागे जाऊ. 1948 पूर्वी आजच्या जिल्ह्यात दोन राज्यं होती. मालवण, वेंगुर्ला, देवगड हा भाग ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी, बांदा आणि कुडाळ हे सावंतवाडी संस्थानात. मालवणहून कुडाळला सामन्याला जाणं म्हणजे सरकार बदलणं. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची असल्यामुळे अभ्यासाचं पुस्तक हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखं होतं. खेळाचं मात्र एक पुस्तक अजून व्हायचं होतं. हुतुतू, हुंबरी, अशा नावांनी एकच खेळ गावोगाव थोड्याफार फरकाने चालत असे. बाद झालेला गडी पुन्हा उठतो की नाही, यावर गावागावाचं मत वेगळं. असे दोन संघ समोरासमोर आले की खेळ बाजूला राही आणि वाद रंगे. आंतरशालेय सामन्याची पहिली गरज मैदान किंवा ढाल ही नसून दोन्ही शाळांना मान्य असलेला नियम ही असते, हे विसरलं जातं.

ते काम महाराष्ट्रात जिमखान्यांनी केलं. खोखोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. हुतुतूच्या नियमांची जुळवाजुळव 1921 मध्ये साताऱ्याला झाली, 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने ती पुढे नेली. नियम छापले गेले आणि शिक्षकांच्या हातात पडले. मग मुंबई सरकारने 1937 मध्ये स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली आणि 1938 मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था सुरू झाली. माझ्या दृष्टीने या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. त्याआधी शाळेत असत ते ड्रिल मास्तर: पलटणीतून आलेले, कवायतीत वाकबगार, खेळाच्या बाबतीत आपल्या मर्जीने चालणारे. कांदिवलीहून शिकून आलेला शिक्षक नियमांचं एकच पुस्तक, शिट्टी आणि मोजपट्टी घेऊन गावी परतला. खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची शाळा आता वादाशिवाय सामना खेळू शकत होती.

स्वातंत्र्यानंतर वरून साखळी जोडली गेली. भारतीय शालेय क्रीडा महासंघ 1954 चा, महाराष्ट्राचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय 1970 चं. त्यानंतर 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. प्रशासकीय इतिहासात या तारखेला एक ओळ मिळते. शालेय खेळाच्या इतिहासात तिला एक प्रकरण दिलं पाहिजे. तोवर मंडणगडपासून बांद्यापर्यंतच्या सगळ्या शाळांमधून जिल्हाविजेता एकच निघत असे. फाळणीनंतर त्याच किनारपट्टीतून दोन विजेते विभागाला जाऊ लागले. मालवण, कुडाळ किंवा सावंतवाडीच्या मुलाची विभागात खेळण्याची शक्यता एका सरकारी अधिसूचनेने वाढली, आणि त्यासाठी त्याला आपला खेळ तसूभरही सुधारावा लागला नाही. जिल्ह्याचं ठिकाणही रत्नागिरीवरून ओरोसला आलं. ज्या पालकांनी रात्रीच्या मुक्कामाला नकार दिला असता, त्यांच्या मुली आता सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परतू शकत होत्या. 1981 च्या अलीकडचे आणि पलीकडचे खेळाडू शोधून त्यांच्या आठवणी शेजारीशेजारी ठेवल्या, तर एवढ्या एका बदलातून किती काय घडलं ते उलगडेल.

या विषयाची व्याप्ती कळण्यासाठी बाहेरची दोन उदाहरणं उपयोगी पडतील.

पहिलं मुंबईचं, आणि ते पुरतं बाहेरचंही नाही. हॅरिस शील्ड ही मुंबईतली आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. 1988 च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमकडून नाबाद 664 धावांची भागी केली ती याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर जन्माने मालवणचे. या सामन्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की शालेय खेळाचा इतिहास म्हणजे जणू तेवढाच. पण समोर सेंट झेवियर्सची मुलं दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावत होती, त्यांचं काय झालं? त्यांच्यातला एक गोलंदाज साईराज बहुतुले. त्या डावात त्याची बेदम धुलाई झाली, आणि 2001 मध्ये तो भारताकडून कसोटी खेळला. हरलेल्या संघाच्या यादीतही शोधण्यासारखं किती असतं, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही. मुंबईत वर्तमानपत्रं होती, गुणलेखक होते, म्हणून हरलेल्यांचे आकडेसुद्धा टिकले. आपल्याकडे जिंकलेल्यांचेही टिकतील याची खात्री नसते.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. 1903 मध्ये ल्यूथर ग्युलिक यांच्या पुढाकाराने त्या शहरात सार्वजनिक शाळांची क्रीडा लीग सुरू झाली. त्याआधी ग्युलिक हे स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत होते. त्यांच्याच सांगण्यावरून जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये तिथे बास्केटबॉल तयार केला. त्याच स्प्रिंगफिल्डमध्ये शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं, आणि देशभरच्या शाळांतल्या क्रीडाशिक्षणावर त्याची छाप पडली. अमेरिकेच्या गावोगावी पुढे शाळांचे कायमचे गट बनले. शेजारपाजारच्या शाळा एकत्र यायच्या, हंगामाचं वेळापत्रक ठरवायच्या आणि प्रत्येक शाळा गटातल्या प्रत्येक शाळेशी खेळायची. याला आपण साखळी पद्धत म्हणतो. 8 शाळांच्या साखळीत एकूण 28 सामने होतात आणि सर्वांत कच्च्या संघालाही 7 सामने मिळतात. त्याच 8 शाळा बाद पद्धतीने खेळल्या तर एकूण सामने 7, आणि 4 शाळांच्या वाट्याला एकेकच.

या आकड्यांकडे मी नव्या अभ्यासकाचं लक्ष पुन्हा पुन्हा वेधेन. खेळाडू सामन्यांतून घडतो. कच्च्या संघाला सामन्यांची गरज जास्त असते आणि बाद पद्धत नेमके त्याचेच सामने काढून घेते. तरीही ही पद्धत आपल्याकडे टिकली, आणि ती का टिकली हे शोधताना कुणाच्या माथी दोष मारून भागत नाही. कारणं जमिनीत, पावसात आणि एसटीच्या वेळापत्रकात आहेत.

पाऊस सर्वांत आधी. शाळा जूनमध्ये उघडते, तालुक्याच्या स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरकडे सुरू होतात, मध्ये चतुर्थीची सुट्टी येते. म्हणजे कोकणातल्या शाळेचा क्रीडाहंगाम जवळजवळ सगळा पावसात. सराव व्हरांड्यात किंवा रिपरिप पावसात चिखलात. स्पर्धेच्या आदल्या दिवशीचं मैदान ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. मुलं ओळीने वाकून खडे वेचत जातात, कारण जांभ्याचा बारीक खडा गुडघ्यात शिरला तर आठवडाभर सलतो. खळगे भरून ते खळ्यासारखे चोपणीने चोपतात. मग दोरी ताणून फक्की मारली जाते. रात्री एक जोरदार सर आली की निदानरेषा आणि मध्यरेषा दोन्ही पुसल्या जातात. सकाळी पुन्हा दोरी, पुन्हा फक्की, निसरड्या जागी लाकडाचा भुसा. या सगळ्यात दहा वाजतात आणि एवढ्याशा दिवसात, एका मैदानात, मुलांचे आणि मुलींचे तिन्ही गट उरकायचे असतात. साखळी खेळवायची म्हटलं तर दिवस आणायचे कुठून?

गावाचा स्वतःचा हंगाम मात्र निराळा चालतो. भातं कापून झाली, जमीन सुकली, जत्रा सुरू झाल्या की मंडळांच्या कबड्डीला ऊत येतो. रात्री प्रकाशझोतात सामने, भोवती अख्खा गाव, मुंबईहून आलेले चाकरमानी. जे मूल सप्टेंबरात तालुक्याच्या पहिल्या फेरीत बाद झालं, तेच जानेवारीत मंडळाकडून रात्र रात्र खेळतं. शाळेच्या नोंदीत त्याचा खेळ एका सामन्याचा, प्रत्यक्षात वीस-पंचवीस सामन्यांचा. शालेय स्पर्धांचा इतिहास लिहिणाऱ्याने शाळेच्या फाटकापाशी थांबू नये असं मी म्हणतो ते यासाठी. या दोन हंगामांचं नातं तपासणं हे या क्षेत्रातलं मला सर्वांत आकर्षक वाटणारं काम आहे.

मग जमीन. सिंधुदुर्गाचा किनारा सुमारे 120 किलोमीटरचा, आणि त्याला ठिकठिकाणी खाड्यांनी छेद दिलेला. किनारा आणि डोंगर यांच्यामध्ये सपाट जागा मुळात कमी, जी आहे तिच्यात भात किंवा माड. म्हणून शाळांना मैदान मिळालं ते बहुधा सड्यावर, कातळ फोडून किंवा कातळावर माती टाकून. सावंतवाडीचं जिमखाना मैदान, वेंगुर्ल्याचं कॅम्प मैदान, मालवणचं बोर्डिंग मैदान ही नावं जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या खेळाडूच्या तोंडी येतात, कारण मोठी स्पर्धा भरवण्याजोग्या जागा मोजक्याच होत्या. पुढे ओरोसला जिल्हा क्रीडा संकुल झालं. अलीकडे कबड्डी मॅटवर गेली. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर टीव्हीवर मॅटच दिसू लागली, आणि मातीत अनवाणी खेळणारी मुलं वरच्या स्पर्धेत पहिल्यांदा बूट घालून मॅटवर उतरतात तेव्हा त्यांची पावलं अडखळतात. पोहण्याचंही तसंच. लाटेवर वाढलेल्या मुलाला तलावात भिंतीला लाथ मारून वळायला नव्याने शिकावं लागतं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते तेव्हा पारडं फिरतं आणि तलावात तयार झालेल्या मुलांना खारं पाणी आणि ओहोटीची ओढ पहिल्यांदा भेटते. शालेय खेळांच्या यादीत कुठला खेळ कुठल्या स्वरूपात बसवला गेला, यावर किनाऱ्यावरच्या मुलांचं किती नशीब ठरलं, हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.

साधनांकडे येतो. या क्षेत्रात दस्तऐवज नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. ते आहेत, फक्त इतिहासाच्या कपाटात नाहीत. मालवणचं टोपीवाला हायस्कूल आणि भंडारी हायस्कूल, कट्ट्याचं वराडकर हायस्कूल, वेंगुर्ल्याचं पाटकर हायस्कूल, सावंतवाडीचं राणी पार्वतीदेवी आणि कळसुलकर, कुडाळ हायस्कूल, देवगडचं शेठ म. ग. हायस्कूल अशा शाळांची परंपरा मोठी आहे. जुन्या शाळा म्हटल्या की सुवर्णमहोत्सवी, अमृतमहोत्सवी स्मरणिका आल्या आणि स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांचे लेख आले. त्यात शिक्षकांच्या छड्या असतात तसे सामनेही असतात. वेंगुर्ल्याचा 'किरात' आणि सावंतवाडीचा 'वैनतेय' यांसारख्या साप्ताहिकांनी शाळांच्या बातम्या मुंबईच्या दैनिकांपेक्षा कितीतरी मनापासून छापल्या. त्यांच्या जुन्या अंकांमधून नुसते सामन्यांचे निकाल उतरवून काढले तरी एक पिढी उभी राहील.

याहून मोलाचं साधन म्हणजे शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर. व्हॉलीबॉलची जाळी एक, फुटबॉल दोन पैकी एक निकामी, गोळा, थाळी, भाला, लेझमाच्या जोड्या, अशा धाटणीच्या नोंदी त्यात वर्षावर्षाला असतात. भाला शाळेत कधी आला हे कळलं की त्या शाळेतून भालाफेकीला मूल कधीपासून गेलं असेल याचा अंदाज बांधता येतो. हॉकीच्या काठ्या एखाद्या वर्षी नोंदीत आल्या आणि पुढे दरवर्षी तितक्याच राहिल्या, तर त्या कुणी वापरल्याच नाहीत हेही कळतं. मुलाखतीत माणूस आठवणीच्या भरात चार गोष्टी वाढवून सांगतो. रजिस्टर असं करत नाही.

संघाचे फोटो वाचायलाही शिकलं पाहिजे. मध्ये खुर्चीवर मुख्याध्यापक, शेजारी क्रीडाशिक्षक, पुढ्यात ढाल, मागे हाताची घडी घातलेली मुलं, खाली 'बसलेले डावीकडून' अशी नावं. पाय पाहावेत: अनवाणी की बुटात. बनियन सगळ्यांची सारखी की घरून आणलेली. मुलींच्या संघात सलवार-कमीज कुठल्या वर्षापर्यंत आणि हाफपँट कुठल्या वर्षापासून. ढालीवरचं नाव वाचावं. ती बहुतेक कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली असते आणि देणारा बहुतेक मुंबईकर असतो. गिरणगावात राहून गावच्या शाळेला पैसे पाठवणाऱ्या माणसांनी या स्पर्धा किती काळ जगवल्या, ते या ढालींच्या पाठीवर लिहिलेलं आहे. उलट दिशेने, इथल्या शाळांतून खेळलेली मुलं नोकरीला मुंबईत गेली आणि लालबाग-परळच्या मंडळांतून, गिरण्यांच्या आणि बँकांच्या संघांतून खेळली. मालवणच्या शाळेचा इतिहास शोधता शोधता परळच्या चाळीत पोचावं लागलं, तर वाट बरोबर आहे असं समजावं.

मुलींचा इतिहास लिहिताना अडचण वेगळी येते आणि ती आधीच सांगून ठेवलेली बरी. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असतं. लग्नानंतर नाव बदलतं, गाव बदलतं, आणि सासरी आपण जिल्ह्याला खोखो खेळलो होतो हे कित्येकींनी सांगितलेलंही नसतं. मुलांची मुलाखत घ्यायला संघातला एक जण सापडला की बाकीचे अकरा आपोआप सापडतात, कारण ते अजून एकाच नाक्यावर भेटतात. मुलींच्या संघातल्या बारा जणी बारा गावांत असतात. त्यांच्यापर्यंत पोचायला भाऊ, भावजय, शाळेतली मैत्रीण, असं नात्यानात्याने जावं लागतं. वेळ लागतो, पण हे काम टाळलं तर अर्धा इतिहास टाळल्यासारखं होईल. त्यांच्याकडून ज्या गोष्टी कळतात त्या दुसरीकडून कळणार नाहीत: स्पर्धेच्या ठिकाणी कपडे बदलायला खोली होती का, सोबत शिक्षिका होत्या का, दहावीनंतर खेळ कुणी थांबवला.

प्रमाणपत्रांबद्दल एक सावधगिरी. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. त्यामुळे शालेय स्पर्धेच्या प्रमाणपत्राला बाजारभाव आला आणि पडताळणी काटेकोर झाली. अभ्यासकाला याचा फायदा असा की विजेत्यांच्या नोंदी पूर्वीपेक्षा नीट ठेवल्या जातात. तोटा असा की जुन्या खेळाडूकडे प्रमाणपत्र मागितलं की तो आधी बिचकतो. कागद कशाला हवा, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावं, त्याच्यादेखत फोटो काढावा आणि कागद त्याच्याच हातात परत द्यावा.

क्रीडाशिक्षकांचा इतिहास हाही याच क्षेत्राचा भाग आहे, आणि मी त्याला पदकांच्या इतिहासाच्या वर मांडतो. पट घटला की संचमान्यतेत क्रीडाशिक्षकाचं पद अडचणीत येतं. सिंधुदुर्गात पट घटतच आला आहे. मग मराठीच्या बाई किंवा विज्ञानाचे सर संघ घेऊन जातात. सकाळची पहिली एसटी पकडायची, मुलांची ओळखपत्रं आणि जन्मतारखेचे दाखले सांभाळायचे, कबड्डीच्या वजनासाठी उपाशी राहिलेल्या मुलाला काट्यावरून उतरल्या उतरल्या केळं द्यायचं, हरल्यावर परतीच्या गाडीत गप्प बसलेल्या संघाला बोलतं करायचं. यातलं काहीही कुठल्या नोंदीत येत नाही. निवृत्त शिक्षक जिल्ह्यात गावोगाव आहेत, त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे, आणि विचारायला येणाऱ्याची ते वाट पाहत असतात. पहिली मुलाखत त्यांच्यापासूनच सुरू करावी.

कुठल्या कागदापासून सुरुवात करायची, असं विचारलं तर माझं उत्तर आहे: भाग्यपत्रिका. स्पर्धेच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून कुणाचा सामना कुणाशी हे ठरतं आणि एका मोठ्या कागदावर सगळ्या शाळांची नावं कंसाकंसांत मांडली जातात. स्पर्धेच्या सगळ्या कागदांमध्ये 16 च्या 16 शाळांची नावं एकत्र सापडतात ती याच एका कागदावर. कुणाला पुढे चाल मिळाली, कोण आलंच नाही, कोण एका गुणाने गेलं, हे पंचांच्या हातून त्यावरच लिहिलं जातं. संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला की या कागदाचं काम संपतं आणि तो टेबलावरच्या केळीच्या साली आणि चहाच्या कपांबरोबर कचऱ्यात जातो. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात एका शिक्षकाने ठरवलं की तो उचलायचा, त्याच्या मागे तारीख, मैदान, खेळ आणि वयोगट लिहायचा, फोनवर त्याचा फोटो घ्यायचा आणि मूळ कागद शाळेच्या फायलीत लावायचा, तर पाच वर्षांत या क्षेत्राला असा पाया मिळेल, जो महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल. यंदाच्या तालुका स्पर्धांपासून हे सुरू करता येईल. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही काही नाही.